चोपन्न इंच

दुकानाचा नियम जुना, मास्तरांच्या वडिलांच्या वेळचा. टेप धरणाऱ्यानं आकडा मोठ्यानं बोलायचा आणि वही धरणाऱ्यानं तो परत उच्चारून मगच लिहायचा. "छाती अडतीस." "अडतीस." "बाही साडेतेवीस." "साडेतेवीस." दोन तोंडांतून गेलेला आकडा सहसा चुकत नाही, आणि चुकलाच तर भांडायला निदान दोघं असतात, असं वडील म्हणायचे. वडील गेल्यावर टेप मास्तरांच्या गळ्यात आला आणि वही ताईच्या मांडीवर. तीस वर्षं हेच चाललं होतं. एवढ्या वर्षांत एकच माप असं, जे मास्तर मनातल्या मनात वाचायचे आणि स्वतःच वहीत उतरवायचे. ते ताईचं होतं. आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

ताई मास्तरांची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते, वर्गात सगळ्यांत बुटके. ताई त्यांना टिल्लू म्हणायची. आता मास्तरांच्या डोक्यावर टक्कल पडलं, नाकावर चष्मा आला, गावभर लोक अहोजाहो करतात. पण घरात अजून टिल्लूच. "टिल्लू, सदऱ्याचं बटण लाव. शिंप्याच्या घरात बटण तुटकं, लोक काय म्हणतील?" दोघांनीही लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर मास्तर म्हणायचे, "मापात बसणारी मिळाली नाही," आणि ताई म्हणायची, "मला एक मूल होतंच, आणखी कशाला?"

कामाची वाटणीही ठरलेली होती. कापणं आणि मशीन मास्तरांचं. काजं, बटणं आणि खालच्या दुमडीची हातशिलाई ताईची. मास्तरांना हातशिलाई कधी जमली नाही. मशीनवर वाऱ्यासारखा चालणारा माणूस, पण हातात सुई दिली की टाके असे घालणार, एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. ताईचे टाके मात्र उजेडाला धरूनही दिसायचे नाहीत.

साडेचार वर्षांपूर्वी ताईची बोटं सुजली. आधी सकाळची तासभर आखडायची, मग दिवसभर. सुई धरता येईना. तिनं दुखणं अंगावर काढलं, लोक सांगतील ते लेप लावले, आणि एक दिवस मास्तरांनी पाहिलं, की ती कोपऱ्यात बसून एका लहान मुलीच्या फ्रॉकचं काज करते आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला पक्क्या. सांध्यांचा वात आहे म्हणाल्या. बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, स्टेरॉइडच्या. म्हणाल्या, "या गोळीनं आराम पडेल, लवकर पडेल. पण फुकट नाही पडत. ही सांध्यांची सूज उतरवते आणि आतून हाडं पोखरते. म्हणून हाडं पहिल्या दिवसापासून सांभाळायची, मोडल्यावर नाही." मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली. रोज कॅल्शियमची गोळी. आणि हाडांसाठी एक गोळी, आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी. पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. रोज चालायचं. मोठ्या इस्पितळात जाऊन हाडांची तपासणी करून घ्यायची. "आणि पाठीत एकदम कळ आली किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर लगेच यायचं. हाडं झिजताना दुखत नाहीत. सांगणाऱ्या खुणा तेवढ्या या दोनच."

मास्तरांनी मान डोलावली. उंची मोजायला टेपवाल्यापेक्षा चांगला माणूस कोण मिळणार होता?

पांढऱ्या गोळीनं मात्र कमाल केली. आठ दिवसांत बोटं उघडली. ताईनं पहिल्या दिवशी सात काजं केली आणि मास्तरांसमोर बोटं नाचवून दाखवली. मास्तरांना असा काही हुरूप आला, की त्यांनी कपाटातलं काळ्या लोकरीचं चांगलं कापड काढलं आणि ताईला पायघोळ कोट शिवायला घेतला. तेव्हा माप नियमानं घेतलं होतं. मास्तर पाठीमागं उभे राहिले, मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंत टेप सोडला आणि खणखणीत आवाजात बोलले, "मागची उंची चोपन्न."

"चोपन्न," ताई म्हणाली आणि स्वतःच्या नावापुढं लिहिलं. कोट जमिनीपासून चार बोटं वर ठेवला. काजं तिनं स्वतःच केली, सगळी आठ. थंडीत ती तो घालून भाजीला निघाली, की सावकारीण निघाल्यासारखी दिसायची. मास्तर दारात उभे राहून बघत बसायचे.

पुढच्या थंडीला कोट बाहेर काढला, तर ताई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "टिल्लू, हा खाली आलाय रे." जमिनीपासून तीन बोटंसुद्धा नव्हता.

आता इथं दुसरा कुणी असता, समजा शाळामास्तर किंवा पोस्टमन, तर त्याला वेगळं काहीतरी सुचलं असतं. पण हे पडले शिंपी. जड लोकर वर्षभर खुंटीला टांगली की स्वतःच्या वजनानं उतरते, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. "कापड उतरलंय," ते म्हणाले आणि एक इंच दुमडून टाकला. माप घ्यायचं मनातही आलं नाही. माणूस खाली येऊ शकतो, हे त्यांच्या धंद्यात बसतच नव्हतं.

तिसऱ्या थंडीला कोट पुन्हा खाली. या वेळी मास्तर थबकले. लोकर एकदा उतरते, दरवर्षी नाही उतरत. ताई आरशात बघत बडबडत होती. मास्तरांनी मागून टेप सोडला. साडेबावन्न. तोंडापर्यंत आलेला आकडा तिथंच अडला.

"किती?" ताईनं विचारलं.

"आहे तेवढीच," मास्तर म्हणाले. "कापडच लबाड निघालं."

डोळ्यांवर कातडं ओढायचं म्हटलं की माणसाला कारणांचा तोटा नसतो. वय झालं, म्हातारी माणसं थोडी आखडतातच. दिवसभर वाकून काजं करते, पाठीला पोक येणारच. खरं कारण एकच होतं: मास्तर भ्याले होते. आकडा मोठ्यानं बोलला, की ताई तो परत उच्चारणार, आणि दोन तोंडांतून गेलेला आकडा खोटा ठरत नसतो. शिवाय लग्नसराईचा हंगाम आला होता. मुहूर्तांच्या आत दहा-बारा वऱ्हाडांचे कपडे द्यायचे होते. मोठ्या इस्पितळातली तपासणी 'या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात' असं करत राहूनच गेली होती. डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्याही कमी झाल्या होत्या; औषधवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या द्यायचा. मास्तरांनी वहीत चोपन्नच्या खाली बारीक अक्षरात साडेबावन्न लिहिलं, पान उलटलं आणि कोट अर्धा इंच आणखी दुमडला.

ती दुमड त्यांनी स्वतःच्या हातानं शिवली, ताई बाजारात गेली असताना. खालची शिलाई तिचं काम, पण तिनं ती उघडली असती तर दोन्ही दुमडी मोजून किती इंच गेले ते तिला कळलं असतं. एक मात्र खरं, त्यांनी कापड कधी कापलं नाही. मनात कुठंतरी वेडी आशा होती, की ताईची पाठ सरळ होईल आणि मग आपण कोट परत सोडू. दरसाल अशी आशा धरायची आणि दरसाल दुमडायचं.

चौथ्या थंडीला सव्वाएकावन्न. त्या दिवशी मास्तर दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ नळाखाली हात धुवत राहिले. मग आत आले आणि सव्वा इंच दुमडला. 'हंगाम संपला की जाऊच,' असं त्यांनी मनाशी ठरवलं, अगदी पक्कं ठरवलं.

हाडांनी हंगाम संपायची वाट पाहिली नाही. तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, ताईच्या हातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पडलं. ते उचलायला ती वाकली. एवढंच. ना पाय घसरला, ना धक्का लागला. "अगं आई गं," असं म्हणून ती मशीनचा पाय धरून तशीच राहिली. वर येता येईना, खाली बसता येईना. रीळ गडगडत दाराबाहेर गेलं.

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. तीन मणके चेपले होते. "हा आजचा," त्या म्हणाल्या. "हे दोन जुने आहेत, वर्ष-दोन वर्षांचे. हाडांची गोळी घेताय ना दर सोमवारी?"

"घेते की," ताई खाटेवरून म्हणाली आणि भिंतीकडे बघायला लागली.

"मग उंची? दोन मणके चेपले म्हणजे उंची कमी झालेली असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आली?"

हे त्यांनी मास्तरांकडे बघत विचारलं. मास्तर दुकानातून तसेच धावत आले होते. टेप अजून गळ्यातच लोंबत होता. त्यांना तो एकदम गळफासासारखा वाटला.

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही आली."

डॉक्टरीणबाई क्षणभर टेपकडे बघत राहिल्या. बोलल्या मात्र काही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मास्तरांना पुढं कितीदा तरी वाटलं. त्यांनी ताईच्या पाठीला पट्टा लिहून दिला. पांढरी गोळी एकदम बंद करायची नाही, आपण ती हळूहळू कमी करू, म्हणाल्या. हाडांसाठी आता इंजेक्शन सुरू करू. आणि मास्तरांना दाराबाहेर घेऊन म्हणाल्या, "गेलेली उंची परत येत नाही. हे वेळेवर सुरू राहिलं असतं, लवकर कळलं असतं, तर बरंच वाचवता आलं असतं. आता उरलेलं वाचवू."

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

ताई दीड महिना खाटेवर होती. मास्तर स्वयंपाक करायचे आणि ताई खाटेवरून त्याला नावं ठेवायची. "काय रे, हे वरण आहे की खळ? कॉलरला लाव, ताठ राहील." पण कूस बदलताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो ऐकून मास्तर भांडी मुद्दाम आपटायचे, म्हणजे तो ऐकू येऊ नये.

एका दुपारी गिऱ्हाइकाच्या कोटाला मोठी बटणं हवी होती म्हणून मास्तरांनी ताईचा बटणांचा डबा उघडला. बटणांखाली गोळ्यांची पाकिटं होती. हाडांच्या गोळ्या, सोमवारच्या. पहिल्या पाकिटातल्या तीन फोडलेल्या, बाकी सगळी पाकिटं जशीच्या तशी, चार वर्षांची. औषधवाल्याकडून दर महिन्याला मास्तरच इमानेइतबारे आणायचे ती.

त्यांना राग आला, अगदी डोक्यात तिडीक गेली. डबा घेऊन ते तरातरा खोलीच्या दारापर्यंत गेले. ताई पट्टा बांधून खुर्चीत बसली होती आणि खिडकीतून रस्ता बघत होती. खुर्ची लहानपणची तीच, पण ती तिला मोठी झाली होती. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. कुठल्या तोंडानं बोलणार होते ते? डबा त्यांनी परत जागेवर ठेवला.

थंडी अजून सरली नव्हती. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "उद्या बाहेर पडायचंय, माझा कोट आण. आणि कात्री आण, छोटी."

"कात्री कशाला?"

"आण म्हटलं ना."

मास्तरांनी दोन्ही आणलं. ताईनं कोट मांडीवर उलटा पसरला, खालची कड चिमटीत धरली आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हे टाके कुणाचे?"

मास्तर गळ्यातला टेप बोटाला गुंडाळायला लागले.

"चाळीस वर्षं खालची शिलाई मी करते. असे टाके घरात एकच माणूस घालतो." तिनं कात्रीचं टोक आत घातलं आणि उसवायला सुरुवात केली. बोटं पुन्हा थोडी आखडली होती, हळूहळू उसवत होती. एक दुमड सुटली. तिच्या आत दुसरी. दुसरीच्या आत तिसरी. प्रत्येक दुमडीच्या ओळीवर धूळ साचून पांढरी रेघ पडलेली. ताईनं तिन्ही रेघांवर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन. टिल्लू, तुला ठाऊक होतं?"

मास्तर खाली बसले, तिच्या पायांशी, जमिनीवर. "पहिल्या वर्षी नव्हतं," ते म्हणाले. "आईशपथ नव्हतं. मग होतं. मी टेप लावला आणि भ्यालो गं. तुला सांगितलं की खरं होईल असं वाटलं. तिथं दवाखान्यातही खोटं बोललो. मला सगळं दिसत होतं ताई, वहीत लिहून ठेवलंय मी, आणि मी नुसता कोट दुमडत बसलो."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ताई म्हणाली. हसायला गेली, पण पाठीत कळ आली म्हणून ओठ आवळले. मग म्हणाली, "बटणांचा डबा उघडलास ना? पाकिटं उलटी ठेवलीयस तू."

"उघडला."

"तीन सोमवार घेतली. छातीत आग व्हायची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर दुसरं काही दिलं असतं त्यांनी, पण कोण सांगतंय! आणि तो अर्धा तास, टिल्लू. तू पहाटे चहासाठी माझ्यासमोर बसायचास, कपाला हात न लावता. म्हणायचास, तुझा होऊ दे, मग दोघं घेऊ. चहावर साय धरायची, तुझं दुकान उघडायला उशीर व्हायचा. दिवसभरात तेवढाच तर वेळ आपण समोरासमोर बसतो. मग मी सांगायला लागले, की तू उठायच्या आधीच घेतली. पांढऱ्या गोळीनं बोटं चालायची, ती दिसायची. या गोळीचं काहीच दिसायचं नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची ती काय गोळी, म्हटलं."

मास्तरांनी तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. चहापायी! अर्ध्या तासाच्या चहापायी! ताई त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली. तीही रडत होती, पण पट्ट्यामुळं तिला धड रडताही येत नव्हतं.

"उठव मला," ती शेवटी म्हणाली. "आणि कोट घाल."

मास्तरांनी तिला धरून उभं केलं, बाह्या चढवल्या. उसवलेला कोट खाली आला आणि जमिनीवर पसरला, तिच्या पायांभोवती. पूर्वी सावकारीण दिसायची त्याच कोटात. ताईनं आरशात वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मान खाली घालून लोळणारी ती काळी लोकर पाहिली.

"एवढी होते मी," ती म्हणाली.

मास्तरांनी तिचा कोपर धरून ठेवला.

"डॉक्टरीणबाई उद्या विचारतील. माप घे. आणि वही दे इकडे."

त्यांनी वही तिच्या हातात दिली. तिनं आपलं पान काढलं. वर तिच्या ठसठशीत अक्षरात चोपन्न, आणि खाली मास्तरांच्या मुंगीएवढ्या अक्षरातले ते चोरटे आकडे. तिनं ते वाचले. वही कपाटाच्या कडेला टेकवली, पेन्सिल हातात धरली आणि उभी राहिली, जमेल तेवढी ताठ. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, मानेच्या हाडावर धरला आणि सोडला. मग खाली गुडघ्यांवर बसून कोटाची कड बाजूला केली आणि आकडा पाहिला. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्यानं बोल, टिल्लू."

"मागची उंची," मास्तर म्हणाले आणि थांबले. मग जमिनीकडे बघत, दुकानात बोलतात तसं बोलले, "पावणेपन्नास."

"पावणेपन्नास," ताई म्हणाली, आणि लिहिलं.